उजवा वरचा कोपरा

संक्रांतीची शुभेच्छाकार्डं करायला मी महिनाभर आधी बसायचो. हाताचं काम आहे, घाईचं नाही. ज्याला घाई असेल त्याने सोलापुराहून छापील कार्डं आणावीत आणि त्यावरची गुलाबाची फुलं बघत बसावं.

कळंबला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत माझं दुकान. आधी साचा, मग ठसे, शेवटी सोनेरी भुकटी, हा माझा क्रम. साचा म्हणजे लाकडी फळीत उभी बसवलेली धारदार पोलादी पट्टी. जाड गुलाबी कागदावर ती ठेवून पिळाच्या दाबाखाली आवळली की नागमोडी कडेचं कार्ड कापून निघायचं. ठसे माझ्या जुन्या दोस्ताने, चाँदपाशाने, सागवानात कोरलेले: सुगड, ज्वारीचं कणीस आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही ओळ. निजामाच्या अमदानीत तो उर्दू ठसे कोरायचा. राज्य गेल्यावर उतारवयात मराठी अक्षरं शिकला आणि ती उलटी कोरण्यात माझ्याही पुढे गेला. शाई प्यालेल्या बनातीच्या कापडावर ठसा टेकवायचा, कार्डावर एकदाच दाबायचा, हलवायचा नाही. कणसावर डिंकाचं बोट, वर भुकटी, आणि कार्ड दोरीवर चिमट्याला.

साच्यात एक खोट होती. उजव्या वरच्या कोपऱ्यापाशी पट्टीला खाच पडली होती. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या त्या कोपऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दात राहायचा. ती खाच अयोध्येने पाडलेली. माझी धाकटी बहीण. बारा वर्षांची असताना तिच्या हातून साचा फरशीवर पडला आणि मी तिच्या थोबाडीत दिली. ती रडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कुठलंही कार्ड माझ्या हातात देताना तोच कोपरा माझ्याकडे करून द्यायची आणि मी हात पुढे करेपर्यंत तशीच थांबायची. ‘दादा, ह्यो माजा दात,’ म्हणायची. मला राग यायचा. मला राग लवकर येतो, हे सगळ्या कळंबला ठाऊक आहे.

अयोध्येला परंड्याला दिली होती, आण्णासाहेबांच्या मुलाला, व्यंकटला. मोठं घर, चार बैलजोड्या, दारात माणसांचा राबता. दीड वर्षाने, अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात, त्यांचा निरोप आला: तुमची पोर एका कंडक्टरबरोबर कुर्डुवाडीच्या गाडीत बसून गेली.

मी तसाच परंड्याला गेलो. आण्णासाहेब अंगणात उभे होते. कडेच्या सपराखाली, गवती छपरात, गडी पेवाचं तोंड लिंपत होते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात ज्वारी साठवायचा खड्डा. तोंडावर दगड आणि दगडावर चिखलाचा जाड थर. आण्णासाहेब म्हणाले, “बसा पाव्हनं. आमची तर अब्रूच गेली.” मी बसलो नाही. तिथेच सपराशी पाय आपटून म्हणालो, “ती आमाला मेली!” पाय पेवावरच्या ओल्या चिखलात रुतला. चप्पल धुवायलासुद्धा न थांबता मी परत आलो. तिला शोधलं नाही. पोलिसात गेलो नाही. त्या कंडक्टरचं नावही विचारलं नाही. एवढा मी तिच्यावर रागावलो होतो.

आईचं वेगळं. आमच्याकडे मरणाचं पत्र बघताक्षणी ओळखू यावं म्हणून त्याचा कोपरा फाडलेला असतो. असं पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच वाचून फाडायचं आणि डोक्यावरून अंघोळ करायची. आई म्हणायची, “कोपरा फाडल्यालं पत्र आलं न्हाय ना? मंग माजी लेक जिती हाय.” दर संक्रांतीला ती अयोध्येच्या नावाचं एक सुगड भरून देवापाशी ठेवायची. ते सुगड दिसलं की मला लाथ मारावीशी वाटे.

एकसष्टच्या डिसेंबरात एक माणूस तीनशे कार्डांची मागणी घेऊन आला. मजकुराचा कागद ठेवून गेला. मी उलगडला. खाली नाव होतं: आण्णासाहेब व परिवार, परंडा. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्याआधी घरोघर गोड बोलायचं होतं.

आणि कार्डं कुणाकडून? माझ्याकडून! कोडगेपणाला काही सीमा? मी कागद चुरगाळून भिंतीवर फेकला.

चाँदपाशाने तो उचलून सरळ केला. “नगं करू. वापस कर,” तो म्हणाला. “त्याला फकस्त बगायचंय, तू अजून गप हाईस का.”

“करनार! आन् मागं माजं नाव घालनार. ज्याच्या घरी जाईल त्यानं इचारलं पायजे, ह्यो त्यांच्या सुनंचा भाऊ न्हवं का म्हणून.”

 चाँदपाशाने आण्णासाहेबांच्या नावाचा ठसा कोरून दिला, मागच्या बाजूसाठी माझ्याही नावाचा.

पहिली चाळीस कार्डं मी सकाळी कापली, ठसे मारले, भुकटी लावली आणि दोरीवर घातली. घाईगडबडीत नाही, नेहमीसारखीच, उजव्या वरच्या कोपऱ्याला चिमटा लावून. आतल्या खोलीत जाऊन जेवलो. परत आलो तेव्हा कार्डं फरशीवर पडली होती. चाळीसच्या चाळीस. उचलून पाहिली तर एकालाही उजवा वरचा कोपरा नव्हता. तिरपा, एकसारखा कापलेला. चिमटे दोरीवर तसेच घट्ट मिटलेले होते. त्यांच्यात कोपरे अडकून राहायला हवे होते. एकही नव्हता. फरशीवरही नव्हता, दाराबाहेरही नव्हता.

उंदीर, मी म्हणालो. मग म्हणालो, उंदीर चाळीस वेळा एकाच मापाने कुरतडत नाही. मग मी चाँदपाशाच्या घरी जाऊन त्याला नको नको ते बोललो.

तो लाकूड तासत होता. हात न थांबवता म्हणाला, “कोपरा काडल्यालं कार्ड मंजे काय, ते मला कळत न्हाय व्हय? असली मस्करी करीन म्या? तुज्या घरात?”

तो खरंच चिडला होता. मी माफी मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला.

आम्ही दोघांनी मिळून पन्नास कार्डं केली. वाळल्यावर प्रत्येकाचे चारही कोपरे मोजून ट्रंकेत ठेवली. त्याच ट्रंकेत मुलींच्या शाळेची वीस कार्डं होती, त्याच कागदाची, त्याच साच्यातली. कुलूप लावलं आणि चावी चाँदपाशाच्या खिशात टाकली. ट्रंकेवर बसून आम्ही चहा प्यालो. तासाभराने उघडली. शाळेची वीस कार्डं जशीच्या तशी. आण्णासाहेबांच्या पन्नासांना कोपरा नव्हता.

ट्रंकेतून वास आला. कोंदट, आंबूस, जरासा उबदार. मोंढ्यामागे जन्म काढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. पुष्कळ दिवस बंद असलेल्या पेवातली ज्वारी बाहेर काढली की तसा वास येतो. मोंढ्यातूनच आला असेल, मी म्हणालो. मोंढ्यात त्या दिवशी पेवाची ज्वारी आलेली नव्हती, हे मला माहीत होतं.

“एक हातात धरून बस,” चाँदपाशा म्हणाला.

मी नवं कार्ड कापलं. ठसे मारले, खाली नाव मारलं आणि उजवा वरचा कोपरा अंगठा आणि बोटात घट्ट धरून बसलो. भरदुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं. बोटाला तो दात टोचत होता. मी पापणी लववत नव्हतो. बाहेर एक बैलगाडी कलंडली, माणसं ओरडली, आणि मी तिकडे पाहिलं. निमिषभरच पाहिलं असेल.

माझा अंगठा माझ्या बोटाला लागला.

कार्ड मांडीवर पडलं होतं. ना हिसका, ना आवाज. चाँदपाशाची नजर माझ्या हातावरच होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“काय दिसलं?” मी विचारलं.

“काय न्हाय,” तो म्हणाला. मग, “कुणीतरी घेतल्यावानी वाटलं. हळूच.” आणि तो उठून घरी गेला.

मी थांबलो नाही. राग माणसाला थांबू देत नाही. तीनशेची तीनशे कार्डं मी पुरी केली. सगळी बिनकोपऱ्याची झाली. कुणी कितीही कोपरे नेवोत, मला काय! मी त्यांच्या तोंडावर ती नेऊन मारणार होतो.

भोगीच्या आदल्या दिवशी एक कार्ड वाऱ्याने उडून बाहेर ओट्यावर गेलं. आई तिथे तीळ निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने कार्ड उचललं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

“पेवाचा वास येतुया,” ती म्हणाली.

“आन इकडं! बिघडल्यालं कार्ड हाय ते.”

“कुणाचं हाय मल्लू?”

“कुणाचंच न्हाय! परंड्याची आर्डर हाय.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ते कार्ड तिथेच, उंबऱ्याबाहेर, फाडून बारीक तुकडे केले. न्हाणीत गेली आणि पौषाच्या थंडीत लुगड्यासकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं. तशीच निथळत देवापाशी गेली. अयोध्येच्या नावाचं सुगड काढलं होतं, ते तिने पालथं घातलं.

“चार वर्सं म्या म्हनत हुते, पत्र आलं न्हाय,” ती म्हणाली. “आलं.”

मी तिच्यावर ओरडलो. वेडी झालीस म्हणालो. माझा आवाज मोंढ्यापर्यंत गेला असेल. ती केस पुसत राहिली.

भोगीला सकाळीच मी गठ्ठा घेऊन निघालो; माझ्या बोटांतून कोपरा गेलेलं ते कार्ड खिशात घातलं. बार्शीला गाडी बदलून दुपारी परंड्याला पोचलो. आण्णासाहेबांच्या अंगणात आठदहा माणसं घोंगडीवर बसली होती, चहा फिरत होता. व्यंकट खांबाला टेकून उभा होता. मी गठ्ठा मधोमध ठेवला.

“घ्या,” मी म्हणालो. “गोड बोला.”

आण्णासाहेबांनी दोरी सोडली. वरचं कार्ड घेतलं, खालचं घेतलं, मधलं ओढून पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. एका म्हाताऱ्याने कपबशी खाली ठेवली आणि घोंगडीवरून उठून मागे सरला.

“ही तर मयताची पत्रं हायती,” तो पुटपुटला.

आण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. “तीनशे घरांत मयत कळवू व्हय म्या?” ते गरजले. “कुणाचं? आं? कुणाचं मयत?”



सगळे आण्णासाहेबांकडे बघत होते. व्यंकट मात्र सपराकडे बघत होता.

मी त्या नजरेमागे गेलो. सपराखाली पेव अजून बंदच होतं.

“चार वर्सं उगडलं न्हाय व्हय?” मी विचारलं.

“पानी शिरलं आत. ज्वारी सडली. काय कामाचं ऱ्हायलं न्हाय, म्हणून तसंच ठिवलं,” आण्णासाहेब म्हणाले. एवढं लांब उत्तर मी मागितलं नव्हतं.

मी पुढे झालो. मागून कुणीतरी “पाव्हनं” म्हणालं. मी थांबलो नाही.

सपराखाली पाऊस लागत नाही. चिखल दगडासारखा वाळला होता, भेगाळला होता. त्यात एक पाऊल उमटलं होतं. उजवं. टाचेला नालाचे दोन खिळे. ती चप्पल अजून माझ्या पायात होती.

चार वर्षं मी तिच्यावर रागावलो होतो. तो राग मी इथेच उभं राहून बोललो होतो, ओल्या चिखलावर, पाय आपटून.

टाचेच्या खड्ड्यात गुलाबी काहीतरी होतं.

मी खाली बसलो. वाळलेल्या चिखलातून एक टोक वर आलं होतं. चिखल चार वर्षांपूर्वीचा होता. कागद तीन आठवड्यांपूर्वीचा होता. मी तो चिमटीत धरून ओढला. कोरा करकरीत, नागमोडी कडेचा, वर तांदळाच्या दाण्याएवढा दात. खिशातलं कार्ड काढून लावून पाहिला. रेघेला रेघ जुळली.



कोपरा निघाला तिथे बारीकशी फट राहिली होती. तिच्यात दुसरा कोपरा दिसला. तो मी ओढला नाही. तो आपणच वर सरकला, दात माझ्याकडे करून, आणि मी हात पुढे करेपर्यंत तसाच थांबला.