वेंटाच्या बारमधलं शुक्रवारचं ताट

कॅथलिक घरातल्या आयरीन कोस्माटकाच्या धाकट्या लेकीनं लुथरन पंथाच्या पोराशी लग्न केलं आणि आयरीनची सासू दोन महिने कुणाशी बोलली नाही, ते हे वर्ष. लग्नाच्या केकचा शेवटचा तुकडा अजून फ्रीजमध्ये होता. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला.

"आयरीन, मी ल्युसिल. रे प्रोहास्का मेला. मी वाढलेल्या ताटावर मेला."

बहिणीच्या आवाजात रडू नव्हतं. आयरीनला त्याचीच भीती वाटली. पोलिसातली नोकरी संपली असली तरी ती अंगावर कोट चढवून तशीच निघाली.

मिलवॉकीच्या दक्षिण भागात शुक्रवारी फारसं कुणी घरी रांधत नाही. तळलेला मासा, बटाट्याची धिरडी, सफरचंदाचा शिजवलेला गर, राय पाव, आणि समोर टीव्हीवर बेसबॉल. सगळं स्टॅन वेंटाच्या बारमध्ये. ल्युसिल तिथली स्वयंपाकीण.

टीव्ही बंद केला होता. रे जमिनीवर चादरीखाली होता. त्याची टोपी टेबलावर पडलेली, शिवण बाहेर. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात आपला संघ मागे असला की टोपी आतून बाहेर उलटी करायची आणि सामना संपेपर्यंत सुलटी करायची नाही, हा तिथला नेम. सामन्याचा निकाल अजून कुणाला माहीत नव्हता, म्हणून भिंतीला टेकून बसलेली माणसं शिवणी मिरवत तशीच होती.

फौजदार हाल्व्हर्सन आयरीनच्या हाताखाली शिकलेला. त्यानं तिला बाजूला घेतलं.

"बाई, गरात शेंगदाण्याचं कूट आहे. रेला दाणे चालत नव्हते, एक कण गेला तरी घसा सुजून श्वास कोंडायचा, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक."

"त्यावरची औषधाची सुई?"

"गाडीच्या कप्प्यात असायची. स्टॅन आणायला धावला, तर कप्पा रिकामा. सापडली स्वयंपाकघराच्या मागच्या कचऱ्यात." तो घुटमळला. "तुमच्या बहिणीला न्यावं लागेल."

कारण साऱ्यांना माहीत होतं. सात वर्षांपूर्वी रेनं दारूच्या नशेत गाडी घातली, त्यात ल्युसिलचा मुलगा डॅनी गेला. रे काही महिन्यांत तुरुंगातून सुटून परत आला.

आयरीन स्वयंपाकघरात गेली. ल्युसिल तळणीशी उभी होती.

"तू केलंस?"

"नाही."

"तो मरावा असं वाटत होतं?"

"नाही. माझ्या स्वयंपाकघरात दाणा येत नाही. बंद मीच केला, त्याला इथं जेवता यावं म्हणून."

"का गं?"

"त्याचं ताट मीच नेते. मान वर करून माझ्या तोंडाकडे बघेपर्यंत हलत नाही. मग तो जेवतो. कसा जेवतो ते बघते."

"आणि आज?"

"ताट बारकडच्या खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि पाव कापायला वळले. तेवढाच वेळ नजर हटली, मग नेऊन ठेवलं."

आयरीन बाहेर आली. स्टॅन गल्ल्यामागे उभा होता.

"स्टॅन, रे मधे उठला होता?"

"आठवा डाव संपल्यावर. सिगारेट आणायला गाडीकडे गेला. त्याच कप्प्यात सुई असते. नसती तर बोंबलतच आला असता. परत आला तोवर ताट टेबलावर."

"गाडीला कुलूप?"

"आपल्या गल्लीत? कोण लावतंय!"

"त्यानंतर बाहेर कोण गेलं?"

"ते मला काय विचारतेस! सगळ्यांच्या माना टीव्हीकडे. घराला आग लागली असती तरी कळलं नसतं."

कोपऱ्यात क्लेम पाव्लाक बसला होता. डॅनीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, पोराला चेंडू झेलायला त्यानंच शिकवलेलं. दाराशेजारची ती खुर्ची कायम त्याची. कपाळावरच्या टोपीचं पिवळं अक्षर तो अंगठ्यानं चोळत होता.

"क्लेम, तू कुठं होतास?"

"इथंच. बूड हललं नाही. नवव्या डावाचा एकेक चेंडू बघितला."

"रे कधी उठला?"

"घसा धरून उठला तेव्हा. देवानं उशिरा का होईना पाहिलं."

"देवाला यात ओढू नकोस."

हाल्व्हर्सननं ल्युसिलला बाहेर आणलं. तिनं एप्रनची गाठ सोडली.

"थांब पोरा," आयरीन म्हणाली. "नवव्या डावाच्या आधी रेनं सुई गाडीत पाहिली असणार. म्हणजे ती गेली नवव्या डावात. तेव्हा स्टॅन ओरडला, 'टोप्या!' बरोबर, स्टॅन?"

"बरोबर. सगळ्यांनी उलट्या केल्या. रेनंही."

"सगळ्यांनी नाही. जो आत नव्हता त्याला हाक ऐकू आली नाही. तो परत आला तेव्हा रे कोसळत होता. टोप्यांकडे बघायला सवड कुणाला! क्लेम, आरशात बघ."

बाटल्यांमागच्या आरशात क्लेमनं पाहिलं. त्याच्या एकट्याच्या टोपीचं अक्षर बाहेर होतं. हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावरच राहिला.

"गरम होत होतं," तो म्हणाला. "काढली होती."

"इतक्या वर्षांत या बारमध्ये संघ मागे असताना तू टोपी काढलेली कुणी बघितलीय? खिसे उलटे कर."

खिशातून कागदाची पुडी निघाली. घडीत कूट अडकलं होतं. क्लेमनं ती स्वतःच टेबलावर ठेवली.

"फळीवरच्या ताटात कालवलं," तो म्हणाला. "मग गाडीकडे गेलो. सुई हाताला लागली ती दिसेल त्या डब्यात टाकली. तो ल्युसिलच्या दारचा आहे, हे ध्यानातच आलं नाही." तो तिच्याकडे वळला. "तू त्याला वाढतेस, ते मला बघवेना. डॅनीच्या खुन्याला गरम गरम!"

ल्युसिल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"गाढवा. मी त्याला जगवत होते. दर शुक्रवारी माझ्यासमोर बसून एकेक घास गिळायचा होता त्याला, म्हातारा होईपर्यंत. तू त्याला सोडवलंस."

  हाल्व्हर्सननं क्लेमचा दंड धरला.

रे प्रोहास्का १९९१ च्या सप्टेंबरात, सत्तावीस तारखेला, शुक्रवारी वारला. डॅनी त्याच्या आधी, १९८४ च्या जूनमध्ये, एकोणिसाव्या वर्षी. क्लेम पाव्लाक १९९८ च्या जानेवारीत तुरुंगातच वारला. ल्युसिल त्याला भेटायला कधी गेली नाही.