गोधडीच्या पोटातली पेन्सिल

"कोंबड्यांच्या खुराड्यात पाहिलं?" व्हर्लीननं विचारलं.

"दोनदा! एक कोंबडी चावलीसुद्धा!" शेजारच्या होझियानं बोट पुढे केलं.

"कोंबड्या टोचतात रे, चावत नाहीत," व्हर्लीनची मैत्रीण बर्डी म्हणाली.

"मग तू जा आणि बघून ये!"

व्हर्लीनला मात्र हसू येईना. मंगळवारी तिनं बाबांची गोधडी ऊन दाखवून ओसरीतल्या झोपाळ्यावर घडी करून ठेवली आणि ती पाणी भरायला गेली. परत येते तो झोपाळा रिकामा! आज शुक्रवार उजाडला, तरी पत्ता नाही. आणि आज चारच्या बसनं आई मोबील शहराहून येणार होती.

व्हर्लीनचे बाबा, लीव्हाय, लाकडाच्या वखारीत सुतार होते. ते गेले त्या हिवाळ्यात आईनं त्यांच्या कामावरच्या निळ्या डंगऱ्या उसवून गोधडी शिवली. व्हर्लीनला आत्याकडे ठेवून कामासाठी शहरात जाताना ती म्हणाली होती, "व्हर्लीन, हे एवढं सांभाळ." एवढंच! आता आईला तोंड कसं दाखवायचं?

"मंगळवारी कोण कोण आलं होतं, ते पुन्हा आठव," बर्डी म्हणाली.

"डीकनकाका. चर्चसाठी जुने कपडे गोळा करत होते. आत्यानं बोचकं ओसरीवर ठेवलं होतं, तेच नेलं म्हणाले."

"त्यांची चिंध्यांची खोली मी पालथी घातली," होझिया म्हणाला. "शर्ट, पडदे, टेबलावरच्या चादरी... गोधडी नाही!"

"मग पुन्हा त्यांनाच विचारू!" व्हर्लीन उठलीच.

चर्चच्या अंगणात पेकनच्या झाडाखाली लाकडी चौकट मांडली होती. तिच्यावर जुन्या शर्टांची आणि पडद्यांची नवी गोधडी ताणलेली, आणि चारी बाजूंनी बायका भराभर टाके घालत होत्या. रविवारी ती बिशपना भेट म्हणून द्यायची होती ना! चर्चचे कारभारी, डीकन हॉब्ज, घड्याळ नाचवत फेऱ्या मारत होते. "तीनला गोधडी घेऊन माझा ट्रक निघणार हं, बायांनो!"

"डीकनकाका, आमची निळी गोधडी..."

"पुन्हा तेच! मी फक्त चिंध्या आणल्या, पोरी. जा, सुया ओवून दे."

तेवढ्यात कट्! चौकटीपाशी बसलेल्या ओडेलाआजींची सुई मोडली.

"तिसरी! आणि त्याच जागी!" आजी वैतागल्या. "डीकन, तुम्ही हौसेनं रात्रीतून चौकट भरून ठेवलीत, पण आत भर कसली घातलीत? सरकी की खडे?"

"एक जुनाट, विरलेलं काहीतरी होतं, ते घातलं. नव्या कापसाचा खर्च वाचवला की नाही?" डीकन छाती फुगवून म्हणाले.

व्हर्लीननं कान टवकारले. त्यांच्या गावात जीर्ण गोधडी फेकत नसत, नवीच्या पोटात भर म्हणून घालत. म्हणजे चिंध्यांच्या खोलीत ती सापडणारच नव्हती! ती चटकन चौकटीखाली शिरली. लहानपणी सगळी मुलं तिथंच बसून सुया ओवायची. खालचं अस्तर जुन्या पलंगपोसाचं, पातळ. वरून ऊन झिरपत होतं आणि त्यात रुंद, गडद पट्टे दिसत होते. एक, दोन... तिसरा तिरका! तो तिरका पट्टा आईनं डोळ्यांत पाणी असताना जोडला होता.

"हीच आहे! बाबांची गोधडी आत आहे!"

"काहीतरीच!" डीकन गरजले. "पोरीच्या सांगण्यावरून बिशपची गोधडी उसवायची?"

होझियानं डोळा मारला. "काका, पैज! त्या गोधडीला डंगरीचा खिसा आहे आणि खिशात सुताराची चपटी पेन्सिल. ती निघाली नाही, तर सुट्टीभर आम्ही चर्च झाडू."

"सुट्टीभर?" बर्डी कळवळली.

"आणि निघाली, तर तुम्ही स्वतः टाके उसवायचे!"

बायका खो खो हसल्या. आता माघार कशी घ्यायची? "मंजूर!" डीकन म्हणाले.

ओडेलाआजींनी सुई मोडलेल्या जागी चार टाके कापले आणि दोन बोटं आत घातली.  मग हळूच बाहेर आली एक बुटकी, चपटी, लाल पेन्सिल. मागच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या.

"लीव्हायची पेन्सिल!" आजींनी ती उंच धरली. "कायम चावायचा मेला!"

डीकनांचा चेहरा पार उतरला. "घडी बोचक्याशेजारीच होती गं... तीही चिंध्यांतलीच समजून रात्रीच्या अंधुक उजेडात पसरली, नीट बघितलीच नाही. चुकलं माझं, पोरी."

"मग बसा आता!" आजींनी कात्री त्यांच्या हातात कोंबली.

चारची बस चर्चसमोर थांबली, तेव्हा तीनला निघणारा ट्रक जागचा हललाच नव्हता, आणि आईला दिसलं ते असं: नाकावर आजींचा चष्मा, कपाळावर घाम, आणि डीकन हॉब्ज जीभ बाहेर काढून टाके उसवताहेत! बायका भरायला नवा कापूस पिंजत होत्या. निळी गोधडी अर्धी बाहेर आली होती, एवढंसुद्धा न फाटता.

व्हर्लीननं सगळं सांगून टाकलं. "आई, मी नीट सांभाळली नाही."

"नाही कशी?" ओडेलाआजी कडाडल्या. "तीन सुया मोडल्या, तरी आम्ही सुईलाच शिव्या देत बसलो! या पोरीनं बापाचा तिरका पट्टा सावलीवरून ओळखला. शाबास गं! आणि तुम्ही दोघंही शाबास!"

 आईनं निळ्या कापडावरून हात फिरवला. मग पेन्सिल उचलली आणि बाबा खोवायचे तशी व्हर्लीनच्या उजव्या कानामागे खोवली.

"आता ही तुझ्याकडे," ती म्हणाली. "फक्त चावू नकोस!"