किती ताप, किती गार?

सांगतो, पण मधे मधे तोंड घालायचं नाही. ज्याला शिंकायचंय त्याने आत्ताच शिंकून घ्या. ते मोबाईलही उलटे ठेवा, तोंडावर उजेड पडला की तुम्ही सगळे आजारी दिसता.

तर आमचा कंपाउंडर रोज संध्याकाळी सात वाजता दवाखाना बंद करून सायकलवर निघायचा. कॅरिअरला औषधांची पिशवी, हँडलला वही. अकरा वर्षं झाली, जानेवारी महिना होता. आमची कॉलनी पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राची. चाळीस क्वार्टर, मधून एकच रस्ता, एका टोकाला दवाखाना आणि दुसऱ्या टोकाला पंप हाऊस. मी पंपावर ऑपरेटर होतो. दर तासाला प्रेशर बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, एवढंच माझं काम. डॉक्टर शहरातून आठवड्यातून दोनदा यायचे. फ्लूची साथ आली आणि सगळ्यात आधी डॉक्टरच आडवे झाले. उरला कंपाउंडर.

माणूस सरळ होता, पण भित्रा. घरात बायको आणि नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी. एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला लागण होईल या धास्तीने त्याने एक पद्धत काढली. कोणाच्याही दारात जायचं नाही. फाटकाबाहेर सायकल उभी करायची, दोनदा बेल वाजवायची आणि ओरडायचं, "किती ताप, किती गार?" आतून उत्तर यायचं, "दोन ताप, तीन गार!" तो वहीत लिहायचा, तापवाल्यांच्या गोळ्या फाटकाच्या खांबावर ठेवायचा आणि पुढे सटकायचा. सलग तीन दिवस सगळे गार म्हणजे घर मोकळं. पद्धत चांगली होती, मीही तेव्हा तिचं कौतुक केलं होतं.

बाकी कॉलनीचं काय सांगू? एरवी साखर मागायला येणाऱ्या बायका खिडक्या बंद करायला लागल्या. वेल्डर तर वेल्डिंगचा मुखवटा घालून दुकानात जायचा. हसू नका. त्याला बघून तेव्हा कोणी हसलं नाही, उलट दोघांनी विचारलं, अजून एक मिळेल का म्हणून.

आणि घाबरलेल्या माणसांना कोणीतरी एक लागतो, ज्याच्यावर खापर फोडता येईल. आम्हाला लॅबवाल्या बाई मिळाल्या. प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या. दोन महिन्यांपूर्वीच बदलून आल्या होत्या. नवरा नाही, पाच वर्षांचा मुलगा. कामासाठी शहरात गेल्या आणि खोकत परत आल्या. झालं! तिनेच आणली साथ. खरं तर त्याआधीच चार घरांत ताप होता, वहीत लिहिलेलं होतं. पण वही कोण बघतो? मीटिंग झाली आणि बाईंच्या फाटकाला बाहेरून कुलूप लावायचं ठरलं. दुसऱ्या कोणाच्या नाही, फक्त त्यांच्या. किल्ली कंपाउंडरकडे, तीन दिवस गार झाले की उघडायचं. कुलूप पंप हाऊसचं होतं. म्हणजे मीच काढून दिलं. लाज वाटते सांगताना, पण दिलं.

पहिले दोन दिवस बाई स्वतः खिडकीतून उत्तर द्यायच्या. "एक ताप, एक गार." आवाज बसलेला, पण स्पष्ट. तिसऱ्या दिवशी खिडकीत मुलगा आला.

"आई कुठे आहे?" कंपाउंडरने विचारलं.

"झोपली आहे."

"ताप आहे का तिला?"

मुलाला काही सांगता येईना. मग कंपाउंडरने फाटकातूनच शिकवलं, "जा, आईच्या कपाळाला हात लाव. भाजलं तर ताप म्हण, नाही भाजलं तर गार म्हण."

पोरगं आत गेलं, परत आलं.

"गार आहे."

"शाब्बास! झोपू दे तिला. उठवू नकोस."

आणि त्याने वहीत लिहिलं, गार.

चौथ्या दिवशी, "गार आहे." पाचव्या दिवशी, "खूप गार आहे, काका." कंपाउंडरला वाटलं, चला, एक घर सुटलं. निलगिरीचं तेल टाकलेला रुमाल नाकावर होता. थंडी मरणाची होती. त्याला वास आला नाही, की शंका आली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तो किल्ली घेऊन गेला. त्याने कुलूप काढलं, दार ढकललं…

मुलगा पलंगाशेजारी खुर्चीवर बसला होता. अंगात आईचा स्वेटर, हातात साखरेचा रिकामा डबा. कंपाउंडरला बघून म्हणाला, "काका, मी रोज हात लावून सांगितलं. तुम्ही म्हणालात उठवू नकोस. मी नाही उठवलं."

…

पाणी द्या जरा.

मुलाला त्याचा मामा येऊन घेऊन गेला. जाताना फाटकापाशी थुंकला फक्त. आणि कॉलनी? ज्यांनी मीटिंगमध्ये कुलुपासाठी हात वर केले होते, तेच आता कंपाउंडरला शिव्या घालायला लागले. खुनी म्हणाले त्याला. कोणीतरी त्याच्या सायकलची हवा सोडली. गोळ्या मात्र त्याच्याच हातच्या हव्या होत्या! तो पायी फिरायचा. बेल नाही, ओरडणं नाही. नुसता फाटकाशी उभा राहायचा. गार हा शब्द तर कॉलनीत कोणी उच्चारेना. लोक चहासुद्धा थंड झाला म्हणायला लागले.

त्यानंतर आठ दिवसांनी भिंगरीला ताप आला.

एकशे चार. उतरायचं नावच नाही. गोळ्या झाल्या, ओल्या पट्ट्या झाल्या. साथीमुळे शहराची बस बंद, गाडी कोणी द्यायला तयार नाही. फिटरकडे जीप होती. कंपाउंडर त्याच्या दारात जाऊन रडला. फिटरने मात्र तो शब्द वापरला, आतूनच म्हणाला, "तीन दिवस थांब. गार होईल."

शुक्रवार होता. सोळा तारीख. नऊचं प्रेशर लिहून मी पंप हाऊसच्या पायरीवर बसलो होतो. तिथून कंपाउंडरचं क्वार्टर तिसरं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सव्वानऊला मला बेल ऐकू आली. सायकलची, दोनदा. मी म्हटलं, आला वाटतं कंपाउंडर पुन्हा सायकलवर. मान वर करून पाहिलं. त्याची सायकल भिंतीला टेकलेली, दोन्ही चाकं बसलेली. जवळ कोणी नाही. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तो माणूस गोष्टी रचणारा नाही.

तो भिंगरीच्या पलंगाशी बसला होता. त्याची बायको, आमच्या वहिनी, तीन रात्रींच्या जागरणाने स्वयंपाकघरात भिंतीला टेकून झोपल्या होत्या. बेल त्यालाही ऐकू आली. त्याला वाटलं, कोणीतरी त्रास द्यायला आलं.

मग फाटकाकडून आवाज आला.

"किती ताप… किती गार?"

बाईचा आवाज. बसलेला, पण स्पष्ट.

तो उठला. दाराशी गेला. कडी लावलेली होती, तरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"कोण आहे?"



फाटक वाजलं नाही. पायरी वाजली नाही. पण दुसऱ्यांदा आवाज आला तो व्हरांड्यातून.

"किती ताप… किती गार?"

त्याने दात आवळले. बोलायचं नाही असं ठरवलं. पण दोन आठवडे ज्या माणसाने रोज हेच विचारलं, हेच लिहिलं… त्याच्या तोंडून निघून गेलं.

"एक ताप."



मग अगदी दाराला लागून…

"हात लावून बघा."

"बाई, माझं चुकलं."

"हात लावून बघा."

"मला न्या. वाटेल ते करा मला. तिला नको. एकच आहे हो ती…"



तो ऐकत राहिला. बाहेर वारासुद्धा नव्हता. त्याला वाटलं, गेली. ऐकलं तिने, गेली.

तेवढ्यात पाठीमागून भिंगरीचा आवाज आला. झोपेतला.

"बाबा… हात काढा ना कपाळावरचा. किती गार आहे."

त्याचे दोन्ही हात कडीवर होते.

…

वळायची हिंमत होईना. मग वळला.

खोलीत कोणी नव्हतं. कपाळावरची ओली पट्टी काढून उशीशेजारी ठेवलेली होती. घडी घालून. केस मागे सारलेले. भिंतीजवळची खुर्ची पलंगाशी ओढलेली.

त्याने मुलीच्या कपाळाला हात लावला.

गार.

आता ऐका. वीस वर्षं तो माणूस दवाखान्यात होता. पण त्याला कळेना… हे कुठलं गार आहे. ताप उतरला त्याचं, की…

त्याने हाक मारली. मुलगी हलेना. वहिनी धावत आल्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसल्या बिचाऱ्या. "उतरला हो! गार झालं अंग!"

तो त्यांच्यावर असा ओरडला की मला पंप हाऊसमध्ये ऐकू आलं. "तो शब्द बोलू नकोस!"

मग त्याने मुलीच्या छातीला कान लावला. ठोके होते. हळू, पण होते. मी दहाचं प्रेशर लिहिलं आणि धावत गेलो. दार उघडायला कोणी येईना, म्हणून खिडकीतून बघितलं. तो गुडघ्यांवर बसून छातीला कान लावून ठोके मोजत होता. मला म्हणाला, "आत येऊ नका. माझा आकडा चुकेल." अकराचं प्रेशर लिहिलं, बाराचं लिहिलं, प्रत्येक वेळी जाऊन बघितलं. तो तसाच. मला तेव्हा वाटलं होतं की आपण आत जावं, त्याच्या शेजारी बसावं. पण मी खिडकीतूनच बघत राहिलो. आत फ्लू होता ना.

उजाडताना भिंगरीने डोळे उघडले. अंगाला नेहमीची ऊब होती. वहिनी रडायला लागल्या. कंपाउंडर जमिनीवरच कोसळला, कान लाल झालेला, मान वळेना. मुलीने छताकडे बघत विचारलं,

"तो जेवला का?"

वहिनी म्हणाल्या, "कोण गं राणी?"

डोळे उघडे, पण बघत कोणाकडेच नव्हती. लॅबवाल्या बाईंचा मुलगा तिने कधी नीट पाहिलाही नव्हता. ओळख होण्याआधीच सगळे दारं लावून बसले होते. पुन्हा विचारलं, "तो जेवला का?" आवाज तिचा होता, पण विचारण्याची तऱ्हा नऊ वर्षांच्या पोरीची नव्हती. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या.

कंपाउंडर जमिनीवरूनच म्हणाला, "जेवला."

तिने डोळे मिटले. तासाभराने उठली, दूध मागितलं, भांडणसुद्धा केलं. आधीचं काही आठवत नव्हतं. त्या दिवशी रात्री सव्वानऊला पाढे म्हणता म्हणता थांबली आणि पुन्हा तेच विचारलं. तेव्हापासून रोज सव्वानऊला विचारते.

पुढे कंपाउंडरने बदली करून घेतली. त्याने त्या मामाचा पत्ता शोधला. मुलगा चांगला आहे, शिकतो, धडधाकट आहे. मामाने एक अट घातली, दारात पाय ठेवायचा नाही. फोन करा हवा तर. कंपाउंडर रोज रात्री नऊला फोन करतो, एकच गोष्ट विचारतो आणि ठेवतो. न विचारता मुलीला "जेवला" असं खोटं सांगायची त्याला हिंमत नाही. मीही केला असता एखादा फोन, पण मी काय तोंडाने करू?

भिंगरी आता वीस वर्षांची आहे. कॉलेजसाठी लांब हॉस्टेलवर राहते. हुशार आहे, बडबडी आहे, तुमच्यासारखीच मोबाईलमध्ये नाक खुपसून बसते. सव्वानऊला बापाचा फोन जातो. "जेवला" म्हणून सांगतो आणि झालं.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस लाइन लागत नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं उशीर झाला. खोलीतली मैत्रीण सांगत होती, ही खुर्चीत ताठ बसली होती आणि भिंतीला तेच तेच विचारत होती. मैत्रिणीला वाटलं, ताप भरला असेल. म्हणून तिने कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीने खोली बदलून घेतली. आणि तो हात अजून गारच आहे, ती खिशातून काढत नाही म्हणे.