तीन सूत कमी

"चुकला! प्रोफेसर चुकला!" ठमी मनातल्या मनात नाचली.

मामाच्या वर्कशॉपमध्ये पितळी सळईचा आठवा तुकडा हवा त्यापेक्षा तीन सूत कमी भरला होता. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत, हे मामाने मुलांना सुट्टीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

"बेरीज वाच रे!" मामा गरजला.

प्रोफेसर म्हणजे ठमीचा मावसभाऊ. आल्यापासून सगळं कौतुक त्याचंच! उद्या जिन्याचा कठडा बसवायलाही मामा त्यालाच नेणार होता. ठमीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"पावणेअकरा इंचाचे चार, म्हणजे त्रेचाळीस. सात इंच एक सुताचे चार, म्हणजे साडेअठ्ठावीस. एकूण साडेएकाहत्तर. सळई बहात्तरची. अर्धा इंच उरायला हवा!"

"उरायला? इथे कमी पडलंय! सळई मी स्वतः मोजलीय, बरोबर बहात्तर. म्हणजे घोळ तुझाच! उद्या घरीच बस. ठमे, घे पेन्सिल. आता हिशेब तू करायचा, उद्या माझ्याबरोबर तूच यायचं!"

प्रोफेसरचे डोळे भरून आले. तो मान खाली घालून बाहेर गेला. ठमी मात्र हवेतच! आता त्याची चूक शोधून मामाला दाखवायची, की झालंच!

तिने बेरीज केली. साडेएकाहत्तर! पुन्हा केली. साडेएकाहत्तरच!

"छे! बरोबर कशी असेल?" ती चिडून पुटपुटली.

"ताई, बघ! माझे पाय सोन्याचे!" तिचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे 'शेपूट' म्हणत, करवतीच्या मशीनपाशी उड्या मारत होता. त्याचे तळवे पिवळेधमक झाले होते.

पितळेचा भुगा! ठमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण सांगितलं तर प्रोफेसर सुटणार, आणि उद्याचं जाणं हातचं जाणार! गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? पण हातातली पेन्सिल नुसती टोचायला लागली.

"मामा, बेरीज बरोबर आहे," ती एका दमात म्हणाली. "आठ तुकड्यांसाठी किती वेळा कापलंस?"

"सात. का गं?"

"आणि पातं किती जाड?"

"असेल एक सूत..." मामाची नजर जमिनीवर गेली. "अरेच्चा!"

"सात सुतांचा भुगा झाला! उरणार होती चारच. म्हणून तीन कमी!"

मामा स्टुलावर मटकन बसला. "एवढी वर्षं लोखंड कापतोय. नेहमी भरपूर उरायचं, म्हणून पात्याचा हिशेब कधी धरलाच नाही! प्रोफेसर, ये रे आत! चूक माझी होती, बाळा. आणि शोधली या ठमाबाईंनी! शाब्बास, पोरी! उद्या गाडीत माझ्या शेजारी तू!"

प्रोफेसर हसला खरा, पण त्याचं तोंड एवढंसं झालं. ठमीने ते बरोबर ओळखलं. गेले आठ दिवस आरशात तिला हेच तोंड दिसत होतं!

"मामा," ती म्हणाली, "आम्ही दोघंही बारीक आहोत. एका सीटवर मावू!"