बोटवळण

त्या काळात माणूस गेला की त्याच्या कपाटाआधी त्याचं साठवणकार्ड उघडायला घेत. हेमलता सामंतांचं घोडं तिथेच अडलं होतं. जुना संगणक बंद पडला, नवा आणला, दिवंगत नवऱ्याचं, यशवंतरावांचं कार्ड त्यात बसवलं, तर पडद्यावर एकच पालुपद: ‘ड्रायव्हर जुळत नाही.’

“दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलंस?”

“पाहिलं, काकू. ड्रायव्हर काढून परत घातला, कार्डही फडक्याने पुसलं. ढिम्म हलत नाही,” नचिकेत म्हणाला. तो जिवंत कार्डांचा संशोधक, पण हेमाकाकूंच्या डोळ्यांदेखत शेजारच्या घरात वाढलेला.

“अरे, आजारी पडायच्या आधी हे त्यात माझ्यासाठी काहीतरी बोलून ठेवत होते. ‘नंतर ऐक’ म्हणाले. ऐकायचंच राहिलं रे!”

नचिकेत खुर्ची ओढून बसला. “ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. पूर्वी तो कार्डासोबत तयार मिळायचा. आता कार्डात प्रथिनांचा जिवंत थर असतो, आणि तो मालकाच्या बोटांची लय शिकून आपला दुभाषी आपणच वाढवतो. अक्षराला वळण असतं ना, तसं हे बोटवळण. नव्या संगणकाला ते मालकाच्या बोटांनीच शिकवावं लागतं.”

“मग मी शिकवते! अख्खा संसार स्वयंपाकघरातून ती टकटक ऐकण्यात गेला माझा.”

“जपून हं. परकं वळण बोटांत मुरलं की निघत नाही.”

“मुरू दे की. मुरल्याशिवाय लोणचं तरी लागतं का?”

काकू हट्टाला पेटल्या. दहा बोटांनी सराईत टाइप करणारी ही बाई यशवंतरावांसारखी दोनच बोटांनी बडवू लागली. कित्येक आठवडे गेले, कार्ड काही बधेना. मग एका सकाळी त्यांना आठवलं, अगं बाई, बशी! यशवंतराव दर ओळीनंतर थांबत, बशीतला चहा फुंकत, भुरका मारत आणि मगच पुढे जात. काकूंनी चहा केला, बशीत ओतला, फुंकला. तिसऱ्या भुरक्याला कार्ड उघडलं.

“हेमा,” यशवंतरावांचा आवाज आला, “तू चिडलीस की फार गोड दिसतेस. जन्मभर सांगायचं होतं, पण तू आणखी चिडशील म्हणून भ्यायलो.”

काकू हसता हसता रडल्या. नचिकेतनेही डोळे पुसले.

हा आवाज त्यांना आपल्या स्वतःच्या कार्डात ठेवायचा होता, लेकीच्या बोबड्या बोलांशेजारी, लग्नातल्या चित्रफितीशेजारी. त्यांनी ते कार्ड बसवलं. ‘ड्रायव्हर जुळत नाही.’

“काकू, आता तुमच्यासारखं टाइप करा.”

त्यांनी दहाही बोटं टेकवली. आठ आपोआप वर उचलली गेली. त्यांनी पुन्हा टेकवली, पुन्हा तेच झालं. हात आपसूक बशीकडे गेला.

“आठवा ना. तुमची लय कशी होती?”

“स्वतःच्या बोटांकडे कोण कान देतं रे?” काकूंनी बशी दूर सारली. “हे द्यायचे. म्हणायचे, ‘हेमा, तू टाइप करतेस की पापड भाजतेस?’ माझी लय फक्त त्यांना पाठ होती.”