पाटावरची माती

बस रेणू, इथे दिव्याजवळ बस. या गावात जरा वादळ झालं की वीज जाते, त्याची सवय करून घे. चहा टाकलाय. डेव्हन ॲव्हेन्यूवरून तू आणलेला चिवडाही काढलाय. तू शिकागो सोडून इथे राहायला आलीस, याचा मला किती आनंद झालाय ते तुला सांगून कळायचं नाही. इथे मराठीत बोलायला नवऱ्याशिवाय कोणी नाही, आणि त्याच्याशी बोलायला गेलं की भांडणच होतं.

पण पाट काही मी तुला देणार नाही. पूजेला दुसरं काहीही ने, पाट नको. सकाळी फोनवर हो म्हटलं आणि आता नाही म्हणतेय, ते तुला विचित्र वाटलं असेल. दारात आल्या आल्या तू आणखी एक गोष्ट विचारलीस. तिचंही उत्तर देते, पण आधी हे ऐक. आणि ऐकून होईपर्यंत उठू नकोस.

आम्ही इथे कसे आलो ते तुला ठाऊक आहे. परीक्षितची जर्सी सिटीतली नोकरी गेली, व्हिसा वाचवायचा होता, म्हणून इथल्या हॉस्पिटलच्या आयटीतली नोकरी मिळाली ती डोळे मिटून घेतली. मला हे गाव पाहताक्षणी आवडलं. कोर्टाचं घड्याळ, विटांची जुनी दुकानं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेकानची झाडं. शुक्रवारी चर्चच्या अंगणात तळलेल्या माशांचा वास सुटतो आणि ओळख असो नसो, कोणीतरी हातात प्लेट देतंच. कधीकाळी इथून कापसाच्या बोटी सुटायच्या. आता बोटी म्युझियममध्ये आहेत आणि नदी मातीच्या उंच बांधामागे. गावातून ती दिसतसुद्धा नाही.

तेव्हा आम्ही खाली, बांधाजवळच्या वॉर्डात राहायचो. दुमजली जुनं घर आणि भाडं अगदीच कमी. एवढं कमी का, असं आम्ही विचारलं नाही. समोर मिस ओडेल राहायच्या. शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या कृष्णवर्णीय बाई, ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज अजून खणखणीत. आम्ही आलो त्या दिवशी पीचचा गोड पदार्थ घेऊन आल्या. दारातल्या आमच्या चपला पाहून त्यांनीही आपले बूट काढले आणि म्हणाल्या, "आत यायचं तर बूट बाहेर, हो ना? चांगली रीत आहे."

गेल्या वर्षी गणपती आले. जर्सी सिटीत आम्ही बाल्कनीत बादलीत विसर्जन करायचो. इथे रस्त्याच्या टोकाला खरी नदी! परीक्षित सांगलीचा, कृष्णाकाठचा. त्याला तर आकाश ठेंगणं झालं. संध्याकाळच्या उन्हात तो, मी आणि आमची लेक आन्या असे तिघं बांध चढून पलीकडे उतरलो. पाणी रुंद, तांबूस आणि इतकं संथ की वाहतंय का थांबलंय ते कळेना. परीक्षित गुडघाभर पाण्यात गेला, मूर्ती सोडली आणि हौसेनं ओरडला, "गणपती बाप्पा..."

आम्ही दोघी म्हणालो, "मोरया!"

रेणू, आमच्या दोघींचा आवाज तो असा कितीसा! पण 'मोरया' जे आलं ना, ते मोठ्या जमावाचं आलं. जाड, ओलं, जरा उशिरा आलेलं. बोलता न येणाऱ्या भाषेतला शब्द लोक ऐकून म्हणतात ना, तसं. आन्या माझा हात धरून म्हणाली, "आई, हू एल्स इज हिअर?"

"एको असतो गं," मी म्हटलं. पण पलीकडे सपाट शेतं होती. आवाज आदळून परत यायला काहीच नव्हतं.

मी म्हटलं, चला आता घरी. तर हा म्हणतो, "थांब, रिकामा पाट न्यायचा नाही. आमच्याकडे नदीची माती आणतात." खरंच आणतात त्यांच्याकडे. ती माती पाटावर ठेवून घरी आणायची, दारात आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, आत घ्यायचं, पुन्हा आरती करायची. मग चिमूट चिमूट घरभर टाकायची आणि थोडी तांदळाच्या डब्यात. घराला बरकत येते म्हणतात.

त्यानं ओंजळभर चिखल काढून पाटावर ठेवला. परत येताना मात्र थांबत थांबत चालायला लागला. घामानं भिजला होता. "जिमचे पैसे परत माग," मी त्याला चिडवलं. तो हसला नाही. म्हणाला, "मंजू, जड आहे गं."

मिस ओडेल पोर्चवर बसल्या होत्या. आम्हाला बघून उभ्या राहिल्या.

"त्या फळीवर काय आहे?"

"नदीची माती," मी सांगितलं. "आमची पद्धत आहे. तिला मानानं घरात घ्यायचं असतं."

त्या पायऱ्या उतरून आल्या नाहीत. कठड्याला धरून हळूच म्हणाल्या, "इथे त्या नदीचं कोणी काही घरात नेत नाही, मिस मंजू. मासेमारीला जाणारेसुद्धा बूट तिथेच धुऊन येतात."

मी हसून मान हलवली. आपल्या त्या प्रथा आणि दुसऱ्याच्या त्या अंधश्रद्धा, असंच असतं ना आपलं! मी पुढे झाले, परीक्षितच्या पायावर पाणी घातलं, निरांजनानं ओवाळलं आणि म्हटलं, "या."

माझ्या तोंडानं म्हटलं गं. मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराला वास होता. ओल्या पोत्यांचा, कुजलेल्या पाल्याचा. आणि भिंतीवर घोट्याच्या उंचीला एक तपकिरी ओळ उमटली होती. एका खोलीत नाही, सगळ्या खोल्यांत, पट्टीनं आखल्यासारखी एकाच उंचीवर. घरमालकानं प्लंबर पाठवला. त्यानं भिंत ठोकली, मीटर लावलं आणि म्हणाला, भिंत कोरडी ठणठणीत आहे. मी ओळ घासून काढली. दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यापाशी होती.

मग त्या दुपारी मी दूध घेऊन घरी आले. घरात कोणी नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या मागे ओढलेल्या आणि प्रत्येक खुर्चीवर ओला डाग. माणूस ओल्या कपड्यांनी बसून उठला की पडतो तसा. सोफ्यावर चार डाग, अंग चोरून बसल्यासारखे. आणि जिना... जिन्याच्या प्रत्येक पायरीवर डाग, खेटून खेटून, वरपर्यंत. आन्याच्या खोलीच्या दारावरून पुढे, माळ्यापर्यंत. माळ्याचं दार आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं बंद. त्याच्याखालून पाणी ठिबकत होतं. भर दुपारी, लख्ख उजेडात!  हातातलं दूध तिथेच ठेवून मी खाली पळाले.

परीक्षितला फोन लावणार, तर त्याच्याच ऑफिसमधून फोन आला. तो खोकता खोकता टेबलावर कोसळला होता.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे नदीत कधी पडले?"

"पडलेच नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी मला काचेची बरणी दाखवली. त्याच्या छातीतून काढलेलं पाणी होतं ते. तांबूस. माझ्यादेखत त्याच्या तळाशी गाळ बसत होता.

हॉस्पिटलमध्ये तो लगेच सुधारला. दोन दिवसांनी घरी आणला. घरात ओळ तोवर माझ्या कमरेच्या वर गेली होती, आणि उंबरा ओलांडताच त्याला पुन्हा धाप लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. भिंतीवर ओळ जेवढी चढेल, तेवढं पाणी त्याच्या छातीत चढत होतं. पाट घेऊन आला होता ना तो! त्यांना उचलून आणणारा तोच होता.

मी त्याला बाहेर पोर्चवर बसवलं आणि अनवाणी समोर पळाले. मिस ओडेलनी मला काही विचारलं नाही. पाणी दिलं आणि सांगितलं. त्यांच्या आजीच्या काळात मोठा पूर आला होता. वरचं गाव, दुकानं, कापसाची गोदामं वाचवायला रात्रीतून खालच्या वॉर्डाचा बांध सुरुंगानं उडवला. खालच्या लोकांना कोणी सांगितलं नाही. ते जिन्यावर चढले, माळ्यावर चढले, माळे फोडून छपरांवर बसले. बोटी आल्या, पण त्या इकडे वळल्या नाहीत.

"ते हाका मारत होते," मिस ओडेल म्हणाल्या. "वरच्या गावाला ऐकू जात होतं. कोणी त्यांना या म्हटलं नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये आम्ही नदीवर जातो, गातो, फुलं सोडतो. पण येताना मागे वळून बघत नाही आणि त्या दिवशी कोणी कोणाला घरी बोलावत नाही. आमचीच माणसं आहेत ती, मिस मंजू. आमचा जीव तुटतो त्यांच्यासाठी. पण घरात कसं घेणार?"

"मी घेतलं," मी म्हटलं.

"हो. इतक्या वर्षांत तूच पहिली." त्यांचे डोळे भरले होते. "ओळ छताला लागायच्या आत परत नेऊन सोड."

आन्या आणि मी घर खरवडलं. कोपरे, व्हॅक्यूमची पिशवी, सगळा तांदूळ. सगळं पाटावर ठेवलं, त्यावर अक्षता टाकल्या आणि गणपतीची उत्तरपूजा झाल्यावर हलवतात तसा पाट जागचा हलवला. वर कितीतरी पावलं एकदम वाजली. मग जिना उतरायला लागली. आम्ही वर बघितलं नाही.

संध्याकाळचं ऊन होतं, त्या दिवशीसारखंच. पाट परीक्षितनंच धरला, आम्ही दोघी दोन्हीकडून त्याला आधार देत होतो. ओठ निळे पडले होते त्याचे. मिस ओडेल बांधावर थांबल्या. तो पाण्यात उतरला, पाट तिरका केला आणि माती सोडली.

आणि रेणू, त्याला श्वास आला! एवढा मोठा, आतपर्यंत. छाती भरून आली त्याची. मी रडायला लागले. तोही रडत होता, हसत होता. त्यानं हात जोडले आणि लहानपणापासून पाण्यात उभं राहून दरवर्षी जे म्हणत आला, तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

"पुढच्या वर्षी लवकर या!"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. त्यालाही कळलं. पांढराफटक पडला. या वेळी नदीतून काहीच आवाज आला नाही. ते ऐकत होते.

"काय म्हणाला तो त्यांना?" बांधावरून मिस ओडेलनी विचारलं.

"गुडबाय म्हणाला," मी सांगितलं.

हिवाळ्यात आम्ही इथे, टेकडीवरच्या घरात आलो. गाव सोडता येत नाही, व्हिसा या नोकरीला बांधलेला आहे. पाट मी नदीतच सोडणार होते, पण तो माझ्या सासूबाईंचा. परीक्षित ऐकेना. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला.

आज सकाळी तुझा फोन आला, पाट हवाय म्हणून. मी वेडी, मला वाटलं एवढे महिने झाले, द्यायला काय हरकत आहे? काढायला गेले तर मला तो उचलेना. प्लास्टिक आतून ओलं होतं. आणि पाटावर माती होती, रेणू. ताजी. आत्ता जून चाललाय, गणपतीला अजून अवकाश आहे. पण आम्हीच 'लवकर या' म्हटलं होतं.

मला वाटलं, परीक्षित ऑफिसातून आला की दोघं मिळून पाट नदीवर नेऊ आणि या खेपेला तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. तो आला, डोकं जड आहे म्हणून वर जाऊन झोपला. आणि मग तू आलीस. हसत हसत आत येऊन म्हणालीस, "काय गं मंजू, पार्टी आहे का? दाराबाहेर केवढे बूट!"

आन्याला मी परवाच सुट्टीसाठी क्युपर्टिनोला मावशीकडे पाठवलंय. घरात मी आणि परीक्षित, दोघंच आहोत. आमच्या चपला आत कपाटात असतात.

मी अजून बाहेर जाऊन बघितलेलं नाही. परीक्षित आला तेव्हा दारात बूट नव्हते, एवढं सांगते. उठू नकोस... ऐक. वर खोकतोय तो. ऐकलंस?

चल, माझ्याबरोबर पाट उचल. पण आधी एवढं सांग. ते बूट... ओले होते का गं?