छपरावरची चोरटी सावली

“शालू, पाय उचल! बॅटरीवर उभी आहेस तू!”

शालूनं दचकून उडी मारली आणि ती नेमकी पंख्यात जाऊन पडली. खडूनं काढलेला पंखा तिच्या टाचेखाली अर्धा पुसला गेला.

“गेली शालू! पात्यात सापडली!” मुकुल पोट धरून हसायला लागला.

चिन्मयीला मात्र हसू येईना. सकाळपासून खपून तिनं मावशीच्या रेशीम शेडसमोरच्या कोब्यावर हा भलामोठा नकाशा काढला होता. शेड, तिचं दोन उतारांचं पत्र्याचं छप्पर, आत रॅकवर वाढणाऱ्या रेशमाच्या अळ्या, पंखे, दिवे, बॅटरी आणि सगळ्यांच्या वर सोलरच्या दोन प्लेटा!

आठवीची परीक्षा देऊन चिन्मयी जालन्याहून मंठ्याकडच्या या शेतावर सुट्टीला आली होती. मुकुल आणि शालू ही तिची मावसभावंडं. एक सहावी उरकलेला, दुसरी चौथी. शेडपर्यंत विजेचा खांब काही पोचला नव्हता आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की आत अळ्या माना टाकत. म्हणून गावातले सगळे उन्हाळ्यात शेड बंद ठेवायचे. यंदा मात्र वंदनामावशीनं मनावर घेतलं होतं. सोलरवर पंखे चालवायचे आणि भर उन्हाळ्यात कोष काढून दाखवायचे! अळ्या रॅकवर आल्याही होत्या. आता फक्त सोलर बसायचं होतं.

“चिनूताई, प्लेटांचं तोंड तिकडं का काढलं?” मुकुलनं विचारलं.

“ती दक्षिण आहे. आमच्या गच्चीवर सोलर बसवलं ना, तेव्हा त्या बसवणाऱ्या ताईंच्या मागेमागे दिवसभर फिरले मी! वर्षातले बरेच दिवस सूर्य त्या अंगानं जातो. छपरावर लोखंडी स्टँड ठेवायचं आणि प्लेटा दक्षिणेला तोंड करून बसवायच्या.”

तेवढ्यात भोंगा वाजला. रस्त्यावरून एक टेम्पो शेतात वळला आणि मागोमाग काकासाहेबांची मोटरसायकल. काकासाहेब म्हणजे मुकुल-शालूचे बाबा. टेम्पोतून उतरले ते राधेश्यामशेठ, मंठ्यातल्या सोलरच्या दुकानाचे मालक. गोल चेहरा, खिशाला दोन पेनं आणि तोंडभर हसू.

“अरे वा! रांगोळी काढून राह्यले का पोरं?”

“रांगोळी न्हाई, प्लॅन हाय!” शालू फणकारली.

चिन्मयी पुढे झाली. “शेठकाका, प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून...”

“बेटा, तू सुट्टीला आली ना? मंग आंबे खा!” शेठ हसले. “रस्त्याकडचा उतार एकदम बराबर हाय. येणारा-जाणारा बघंल तरी!”

“चिनू, त्यांचा धंदा हाय तो,” काकासाहेब म्हणाले. “आपण मधीमधी करू न्हाई.”

चिन्मयीचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडच्या, म्हणजे पूर्वेकडच्या उतारावर, अगदी माथ्याला चिकटून दोन्ही प्लेटा बसल्या. त्यांच्या वर, छपराच्या कण्यावर, भलाथोरला पिवळा बोर्डही उभा राहिला: ‘राधेश्याम सोलर. सूर्य आपल्या दारी!’

“बॅटरी पुढच्या हप्त्यात येईल,” शेठ म्हणाले. “तवर ऊन असलं की पंखे थेट प्लेटांवर पळतील. बघत राहा!”

आणि पळालेही! दुसऱ्या दिवशी सकाळी पंखे असे गरगरले की शालूची वेणी उडायला लागली. अळ्या तुतीचा पाला खात होत्या. हजारो इवलीइवली तोंडं एकदम चालू! शेडमध्ये नुसती कुरकुर-कुरकुर ऐकू येत होती. मावशी प्रत्येक रॅकपाशी थांबून हसत होती.

जेवणं झाली, दुपार कलली आणि मुकुल धापा टाकत घराकडे आला.

“आई! चिनूताई! जल्दी चला! पंखे मरून राह्यले!”

तिघी धावल्या. पंखे फिरत होते, पण पेंगल्यासारखे. मग एक थांबला. दुसरा थांबला. आतला वारा पडला, पत्र्याची धग खाली उतरली आणि ती कुरकुर हळूहळू बंद झाली. अळ्या पाल्यावर नुसत्या पडून राहिल्या.

“बारदानं भिजवा!” मावशी ओरडली.

मग जी पळापळ झाली! मुकुलनं हौदातून बादल्या भरल्या, चिन्मयी आणि शालूनं ओली बारदानं दारा-खिडक्यांवर टांगली. मावशी एकेका रॅकवर ताजा पाला पसरत गेली, पण अळ्या तोंड हलवेनात.

काकासाहेबांनी शेठना फोन लावला. पलीकडून उत्तर तयारच होतं. “प्लेटा कमी पडून राह्यल्या, काकासाहेब! उद्या अजून दोन घेऊन येतो!”

काकासाहेबांनी फोन खिशात टाकला. “वंदना, त्यानंबी झालं न्हाई, तर मंग उन्हाळ्याचा नाद सोडायचा. अळ्यांचे हाल बघवत न्हाईत मला.”

ते निघून गेले. चिन्मयी तिथंच कोब्यावर उभी होती. डोळे मिटून घ्यावेत असं ऊन होतं.

“मुकुल, हे उलटंच झालं रे! सकाळी ऊन कोवळं, तर पंखे जोरात. आता ऊन रणरणतंय, तर पंखे गार! असं कसं?”

“पंखेबी झोपत असतील दुपारी. बाबांसारखे!” शालू म्हणाली.

“वर काहीतरी घोळ हाय. मी चढून बघतो,” मुकुलनं बाह्या सरसावल्या.

“बिलकुल न्हाई!” मावशीचा आवाज आतून आला. “पत्रा तापलाय, त्यात विजेच्या वायरी. छपराला हात लावायचा न्हाई कोणी!”

तिघं माना वर करून बघायला लागली. खालून प्लेटांच्या नुसत्या कडा दिसत होत्या. इतक्यात चिन्मयीची नजर कुंपणाला टेकवलेल्या लांब बांबूवर गेली.

“आपण नको चढायला. मावशीचा मोबाइल चढेल!”

मावशीनं बरेच आढेवेढे घेतले, पण मोबाइल दिला. मुकुलनं जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी तो बांबूच्या टोकाला आवळून बांधला. व्हिडिओ चालू करून बांबू वर! पहिल्या खेपेला आलं निळं आभाळ आणि खाली मुकुलच्या नाकपुड्या.

“किती भारी! ह्याचंच पोस्टर लावू!” शालू खिदळली.

दुसऱ्या खेपेला बांबू डुलत डुलत थेट पन्हाळीच्या वर गेला. मोबाइल खाली आला तशी तिन्ही डोकी त्यावर आदळली. प्लेटा चकाकत होत्या. फक्त वरच्या अंगाला, दोन्ही प्लेटांवर, एक काळा पट्टा आडवा पडला होता.

“कशाचा डाग हाय हा?” मुकुल डोळे बारीक करून म्हणाला.

चिन्मयीनं वर पाहिलं. सूर्य पश्चिमेकडे झुकला होता. सूर्य, मग छपराचा कणा, कण्यावर...

“बोर्ड!” ती किंचाळली. “शेठच्या बोर्डाची सावली!”

“पण एवढ्याशा पट्ट्यानं पंखे बंद पडतील?”

“आमच्याकडे सोलर बसवणाऱ्या ताई म्हणाल्या होत्या, या प्लेटा म्हणजे हातात हात धरून उभ्या असलेल्या साखळीसारख्या. एक जण बसला की सगळे अडखळतात. पण मी स्वतः करून नाही पाहिलं रे!”

“मंग उद्या सकाळी करून बघू,” मुकुल म्हणाला. “शेठच्या समोर!”

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा पंखे मजेत गरगरत होते. टेम्पोत नव्या प्लेटा होत्या. चिन्मयी मनात म्हणत होती, खेळ फसला तर? तरी तिनं धीर करून म्हटलं, “शेठकाका, प्लेटा उतरवायच्या आधी एक जादू बघा ना! पंख्याखाली बसा आणि काय होतं ते मोठ्यानं सांगा.”

“जादू? दाखव, दाखव!” शेठ खुर्चीवर ऐसपैस बसले. काकासाहेबही दारात येऊन उभे राहिले.

बाहेर मुकुलनं बांबू उचलला. आज टोकाला मोबाइलऐवजी आजीच्या वेळचं मोठं सूप बांधलेलं होतं. सकाळचं ऊन समोरून येत होतं. त्यानं सूप उन्हात आडवं धरलं आणि त्याची सावली प्लेटेच्या कोपऱ्यावर नेली.

“आँ?” आतून आवाज आला. “पंखा ढिला पडला! वायर लूज हाय वाटतं!”

मुकुलनं सूप खाली घेतलं.

“चालू झाला!”

सूप वर.

“परत पडला! अरे, हे काय होऊन राह्यलं?”

चिन्मयीचा जीव भांड्यात पडला. शालूला हसू आवरेना. तिनं शेठचा हात धरून त्यांना ओढतच बाहेर आणलं. शेठनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मुकुलकडे पाहिलं.

“एवढ्याशा सुपानं?”

“सूप एवढंसं, तर तुमचा बोर्ड केवढा, शेठ?” मुकुल म्हणाला.

चिन्मयीनं व्हिडिओ पुढे धरला. शेठ बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले.

“म्हणजे सूर्य आपल्या दारी,” काकासाहेब सावकाश म्हणाले, “आन् सावली आमच्या छपरावर!”

आधी मावशी हसली. मग सगळेच हसले आणि शेवटी खुद्द शेठही! “चुकलं बरं का,” ते डोकं खाजवत म्हणाले. “लोकांना दुकान दिसावं म्हणून बोर्ड ठोकला, सावलीचं ध्यानातच आलं न्हाई. पोरी, तुझी ती रांगोळी... न्हाई, तुझा प्लॅन कुठं हाय?”

नकाशा पाण्याच्या बादल्यांनी केव्हाच धुऊन गेला होता. चिन्मयीनं खडू घेतला आणि पुन्हा काढला. या वेळी शेठ गुडघ्यावर बसून विचारत होते आणि काकासाहेब लक्ष देऊन ऐकत होते. बोर्ड उतरला. छपराच्या दक्षिण टोकाला, जिथं दिवसभर कशाचीही सावली येत नव्हती, तिथं स्टँडवर प्लेटा चढल्या. त्याही आधीच्याच! नव्या प्लेटा टेम्पोतून तशाच परत गेल्या. जेवणाच्या सुट्टीत शेठनी तिघांना आंबे कापून दिले. “आता खाल ना?” त्यांनी विचारलं, तेव्हा चिन्मयी लाजली.

त्या दुपारी पंखे एकदाही पेंगले नाहीत. पुढच्या हप्त्यात बॅटरी आली आणि शेडमध्ये रात्रीही दिवा लागायला लागला.

कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चंद्रिकांच्या जाळीवर अळ्यांनी कोष पुरे केले, त्या दिवशी बघायला अर्धं गाव लोटलं. शेजारच्या मळ्यातल्या झुंबरबाई तर जाळीपुढून हलेनात. “भर उन्हाळ्यात कोष! वंदना, हे केलं कसं गं?”

“मी कुठं केलं?” मावशी म्हणाली. “ह्या तिघांनी केलं.”

काकासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “मी पोरीला म्हणलो, मधीमधी करू न्हाई. बरं झालं, तिनं माझं ऐकलं न्हाई!”

“मंग माझ्या शेडवरबी बसवा की,” झुंबरबाई म्हणाल्या. “शेठ, तुम्ही या. पण आधी ह्या लेकरांना पाठवा!”

“पाठवा म्हणजे? मी टेम्पोत पुढं बसवून आणतो त्यांना!” शेठ म्हणाले.

“खिडकीजवळ मी!” शालूनं तेवढ्यात जागा धरली.

मावशीनं जाळीतून एक पांढराशुभ्र कोष अलगद सोडवला आणि चिन्मयीच्या तळहातावर ठेवला. “उन्हाळ्यातला आपला पहिला कोष,” ती म्हणाली. “हा तुझा.”

तो इतका हलका होता की चिन्मयीनं वाऱ्यानं उडू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ त्यावर धरली. कारण वर पंखा जोरात फिरत होता!